आठव्या पाळीचे आकडे

लोहारा, यवतमाळ

आदरणीय भाऊसाहेब,

तुम्हां सर्वांना सविनय जयभीम. तुमचा गुडघा आता वाकतो का? वहिनींचा खोकला गेला का? तुमची बहीण मथुरा बरी असेलच (माहेरी गेलेल्या बायकोबद्दल नवऱ्याने याहून जास्त विचारू नये, एवढं मला कळतं).

चार महिन्यांपूर्वी मी वरणाचं पातेलं भिंतीवर फेकलं आणि ती पिशवी भरून फुलसावंगीला आली, तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "जवाईबापू, आंधी राग सोडा, मंग तिले न्याले या." म्हणून राग सोडायला गेलो. इथे एमआयडीसीच्या एका रिकाम्या शेडमध्ये अब्रार मास्तर पहाटे साडेपाचला कराटे शिकवतात. दिवसा ते मोटरसायकली दुरुस्त करतात. वयाने माझ्या पोरासारखे, पण मी त्यांना कमरेतून वाकून नमस्कार करतो. राग आवरायला शिस्त लागते आणि शिस्त पायांपासून सुरू होते, असं त्यांचं म्हणणं (माझ्या पायांचं म्हणणं वेगळं आहे). त्यासाठी पांढरा पोशाख शिवला. पिठाच्या गिरणीवाल्याला तो वेगळा शिवायची खरं तर गरज नव्हती.

आम्ही सातजण आहोत. लाथा मारताना प्रत्येकाने आपल्या पाळीचे दहा आकडे जपानीत ओरडायचे आणि सगळ्यांनी त्या तालावर पाय उचलायचा. सातजणांच्या सत्तर लाथा, की सुट्टी. तर मागच्या महिन्यात एका सकाळी शेवटच्या रिजवानचे दहा संपले आणि माझ्या पाठीमागून आठवी गिनती सुरू झाली. आवाज बाईचा. हळू. जपानी नाही, साधं एक, दोन, तीन. आमच्यात बाई नाही. तरी मी इमानदारीने लाथा मारत राहिलो. नऊवर आवाज थांबला. पाहतो तर सगळे हात बांधून माझ्याकडे बघत होते.

"काका, कोनाच्या गिनतीवर मारून राह्यले?" मास्तर म्हणाले.

मी मागे वळलो. पत्र्याची भिंत माझ्या पाठीपासून वीतभर होती. तिथे मांजर उभं राहिलं नसतं.

तेव्हापासून हे रोज चालू आहे. (नऊ लाथा फुकटच्या. मांड्या भरून येतात.) शेडपुरतं असतं तर मी सोसलं असतं. पण परवा गिरणीचा पट्टा तिसऱ्यांदा निसटला. मी पाना उचलला, आता फेकणारच, तोच घराच्या बाजूने, स्वयंपाकघरातून आवाज आला: एक. मी पाना हातात धरून पुतळ्यासारखा उभा. नऊपर्यंत आला आणि थांबला. दहाच्या जागी मागच्या दाराची कडी वाजली. जाऊन पाहिलं तर कडी आतून लागलेली, ओट्यावर चार महिन्यांची धूळ.

शेजारच्या रुखमाबाईंना सांगितलं. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

"मथुरा मोजेच ना! तुमी भडकले का ओट्यापाशी उभी राहून दहा मोजे. तेवढ्यात थंड झाले तं जेवाले वाढे. नाई झाले तं मांगच्या दारानं माह्याकडे येऊन बसे. तीस वर्सं झाले. तुमाले मालूम नोयतं?"

नव्हतं, भाऊसाहेब. तीस वर्षं मी तिच्यापासून चार हातांच्या अंतरावर उभा राहून ओरडलो आणि ती मोजत होती, हे मला ठाऊक नव्हतं. मला फार लाज वाटली. त्या रात्री जेवलो नाही.

बाकी माझी प्रगती उत्तम आहे. राग जवळजवळ गेला. रविवारी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आहे.

आपला,
देवराव

ता. क. अक्षर वाईट आहे, कारण हे पत्र दुसऱ्यांदा लिहितो आहे. पहिलं शाई पसरली म्हणून फाडून फेकलं. (सातपर्यंत मोजलं होतं.)

आणखी एक ता. क. वरच्या ता. क.वरून तुमच्या लक्षात आलंच असेल, तेव्हा मी एवढ्यात तिला न्यायला येत नाही. फक्त एक काम करा. पहाटे साडेपाचला ती काही पुटपुटते का, एवढं वहिनींना बघायला सांगा. पुटपुटत असेल तर तिला म्हणावं, आता बस कर, देवराव आपलं आपण मोजेल. आणि पुटपुटत नसेल, तर ते मला मात्र कळवू नका. मला या घरात एकट्याला राहावं लागतं.