आलेखातल्या आडव्या रेषा

६ जानेवारी
शाळेने नवं यंत्र घेतलंय. समोर चालायचं, पडद्यावर अंतर आणि वेळेचा आलेख आपोआप उमटतो. एकतीस वर्षं खडूने काढत आलो, ते आता कुणाला नको! आज चालून दाखवलं. एकाच वेगाने चाललो, म्हणजे तिरकी सरळ रेघ यायला हवी. आल्या पायऱ्या! मध्ये मध्ये आडवे तुकडे. पोरं खिदळली.
"यंत्र भंगार आहे," मी म्हणालो.
विग्गा म्हणून एक आगाऊ कार्टी आहे. आमच्याकडे पोरं शिक्षकांनाही नावानेच, अरे-तुरेने हाक मारतात. म्हणाली, "यंत्र ठीक आहे, टोरकिल्ड. आडवी रेघ म्हणजे थांबणं, तूच शिकवलंस. तू थांबतोयस."
मी थांबतोय? वर्गाबाहेर काढलं तिला.

९ जानेवारी
मुख्याध्यापिका बोदिलने कॉफीला बोलावलं. "मुलीला बाहेर काढलंस म्हणे? साठी उलटली तुझी. मंगळवारी तासाला येऊन बसते, मग निवृत्तीचं बघू." वर दालचिनीचा पाव पुढे केला. गोड बोलून काटा काढायचा!

१० जानेवारी
स्वयंपाकघरात चाळीस फेऱ्या मारल्या. ठणठणीत आहे मी!

१४ जानेवारी
आज मुद्दाम लाटांचा धडा घेतला – चालायला नको. जमिनीवर लांब स्प्रिंग ताणली. एक टोक माझ्याकडे, दुसरं विग्गाकडे. आधी दोघांनी स्थिर धरायचं, मग मी एकच झटका देणार. झटक्याआधीच स्प्रिंग वळवळायला लागली! बोदिल मागे बसलेली.
"विग्गा, चाळे बंद कर!"
तिने आपलं टोक बाकाच्या पायाला अडकवलं आणि दोन्ही हात वर केले. लाटा येतच राहिल्या. माझ्याकडून. तिने घड्याळ लावून मोजल्या – सेकंदाला पाच.
या वेळी कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं.
तास सुटल्यावर ती दारात थांबली. "माझ्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं. आधी पाय अडायचे, मग हात. डॉक्टरांना दाखव ना."
"तू आपलं बघ," मी खेकसलो. बोदिलने ऐकलं. ऐकू दे!

१९ जानेवारी
दाढी करताना दोनदा कापलं. उद्या फोन करतो डॉक्टरांना. विग्गा खोटी पडावी म्हणून, दुसरं काही नाही.

३ फेब्रुवारी
पार्किन्सन.
डॉक्टर म्हणाले, "इतक्या लवकर सहसा कुणी येत नाही. कुणाच्या लक्षात आलं?"
"माझी एक विद्यार्थिनी आहे," म्हणालो. "आलेख फार छान वाचते."