प्रत माहितीसाठी

३ फेब्रुवारी, सोनीपत
परत तारीख. दादाच्या जामिनाचं काम आज हायकोर्टात होतं. वकीलसाहेबांचा फोन दुपारी आला, "आपल्या नंबरापर्यंत आलंच नाही. आता बारा मार्च." एवढं बोलून ठेवला. दादा आत गेला त्याला दोन वर्षं होऊन गेली. गावात पाण्याच्या पाळीवरून मारामारी झाली, एक माणूस मेला, सात जणांची नावं लागली. एक नाव दादाचं.
आज आमच्या चोपड्याकडचाच माल उतरवला. हिरवीगार केळी. पिकवायच्या कोठीत रचली, दार लावलं, गॅस सोडला. आत सोळा डिग्री. बाहेर आलो तर बाहेरच जास्त थंडी.

५ फेब्रुवारी
मायचा फोन. आबा शेजारी बसलेले. आबा म्हणजे गावचे जुने कोतवाल. गावातला कुठलाही अर्ज तेच सांगतात, लिहिणारा लिहितो. फोन त्यांनीच घेतला. "तलाठी ऐकस नही तं आपण तहसीलदारकडे जातस. मंग जज ऐकस नही तं त्याना मोठा साहेबकडे जावानं. मुख्य न्यायाधीशले लिख. तूच लिख, तू सख्खा भाऊ शे."
मी म्हटलं, आबा, मी आठवी नापास.
"अर्जले पास लागस नही. आन खाले प्रत लाव. प्रत लाया बिगर कागद हालस नही."
खरं आहे. मागे गावची विजेची डीपी जळाली तेव्हा आबांनी इंजिनेराची तक्रार त्याच्या साहेबाकडे केली आणि प्रत त्या इंजिनेरालाच पाठवली. चार दिवसांत नवी डीपी. इंजिनेर स्वतः आला, चहा पिऊन गेला.

९ फेब्रुवारी, रविवार
लिहिला. तीन पानं. दोनदा फाडला. रामबाबू खोलीतला, बिहारचा, खाटेवर पडून बघत होता. "किसको लिख रहा है, लड़की को?" म्हटलं जज को. "जज के भी जज को." हसत सुटला. मग उठून बसला, त्याचाही काका आत आहे म्हणे, जमिनीच्या भांडणात. बोलला नव्हता कधी.
अर्जात काय लिहिलं ते इथे ठेवतो. मुख्य न्यायाधीश साहेब, माझा भाऊ गरीब आहे, निर्दोष आहे, घरात कमावणारा तोच. सदर न्यायाधीश साहेब जाणूनबुजून तारखा देतात. विरुद्ध पार्टीशी त्यांचं काही असावं असा आमचा दाट संशय आहे. तरी आपण त्यांना आदेश देऊन भावाला सोडावे.
संशयाचं आबांनी सांगितलं. त्याशिवाय वजन येत नाही म्हणे.
दादाच्या हातात काठी होती हे लिहिलं नाही. मारली का, ते मला माहीत नाही.
खाली ओळ मारून: प्रत माहितीसाठी, सदर न्यायाधीश साहेब.

१० फेब्रु.
दोन्ही पाकिटं टाकली. स्पीड पोस्ट. बाई म्हणाली दोन्ही कोर्टालाच? हो म्हटलं. छाती भरून आली, खोटं कशाला लिहू.

२३ फेब्रु.
पोचल्याचं मोबाईलवर दिसतंय. दोन्ही. घरी सांगितलं. वहिनी हसली. किती दिवसांनी तिचं हसणं ऐकलं. तिचे वडील तिला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी नेणार आहेत. म्हणाले, जावई सुटला की त्यानेच न्यायला यावं, तोवर राहू द्या. आखाजीच्या आत सुटेल म्हटलं मी.

१२ मार्च
वकीलसाहेबांचा (व.सा.) फोन. आज ओरडले नाहीत, तेच वाईट.
"तू काही पाठवलं होतंस का?"
हो.
"जजसाहेबांनाच?"
प्रत होती, साहेब. माहितीसाठी.
मग सांगितलं. काम पुकारलं, जजसाहेबांनी फाईलमधून माझा कागद काढून त्यांच्याकडे दिला. म्हणाले, वाचा. व.सा. उभ्यानेच वाचत होते तोवर साहेबांनी पट्टेवाल्याला पाणी द्यायला सांगितलं. मग एकच बोलले, "हे काम माझ्यासमोर नको." फाईल बंद.
"अवमानाची नोटीस काढली नाही हे नशीब समज," व.सा. म्हणाले.
मी विचारलं, आज काय होणार होतं?
"मागच्या वेळी सरकारी वकिलाला त्यांनीच विचारलं होतं, याला अजून आत का ठेवायचं ते सांगा. आज काय होणार होतं ते तूच समज."

१३ मार्च
होळी. इकडे सगळे रंगाच्या तयारीत. माल उतरवला नाही, शेठने शिव्या घातल्या.
परत व.सा.ला फोन केला. त्यांनी उचलला, हे त्यांचं मोठेपण. मी म्हटलं, मग मुख्य न्यायाधीश साहेब आता त्यांना बोलतील ना?
"अरे, तो तहसीलदार नाही आणि हा तलाठी नाही. निकाल काय द्यायचा हे कुठल्याही जजला कोणी सांगू शकत नाही. मुख्य न्यायाधीशही नाही. खुर्चीत बसून निकाल देताना दोघे सारखेच."
मग तो मुख्य कशाचा?
"कुठलं काम कोणासमोर जाईल ते तो ठरवतो. तेवढ्याचा. आणि तेवढं कमी नाही. आता तुझी फाईल त्यांच्याकडे जाईल, ते दुसऱ्या जजचं नाव घालतील. मग पहिल्यापासून."
किती दिवस?
"त्यांच्यापुढे तुझी एकच फाईल नाही."
म्हणजे मी ज्याच्याकडे मागितलं त्याच्याकडे ते नव्हतंच. जे होतं, फाईल दुसऱ्याकडे देणं, ते मीच करायला लावलं.

१६ मार्च, रविवार
दादाचा फोन. जळगावच्या जेलातून आठवड्याला एकदा, मोजून काही मिनिटं. माय भेटून आली होती. तिला आबांनी सांगितलेलं, कागद वर गेला.
"तुना कागद हालना रे! मोठा साहेबना टेबलवर गया म्हने. वकीलले जे जमनं नही ते तुनी करं."
मी म्हटलं, हो.
"जेवस का नही टाइमवर?"
हो.
फोन झाल्यावर कोठीत जाऊन उभा राहिलो. केळी एका बाजूने पिवळी पडायला लागलीत.

१९ मार्च
आबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "कागद मोठाकडे गया ना? मंग?" समजलंच नाही. का समजलं आणि वळून गेले, माहीत नाही. वय झालंय. मायला सांगू नका म्हटलं तर म्हणाले, "मी काय सांगू, काम तं व्हई राह्यनं."

२३ मार्च, रवि.
दादा खुशीत. बराकीतल्या चौघांना त्याने अर्जाचं सांगितलंय. चौघांनाही तसाच पाहिजे. "तू मजकूर सांग, मी आठे लिखी लेस. प्रतनं बी सांग, कोनले धाडानी." एक त्यातला म्हातारा आहे म्हणे, साक्रीकडचा, त्याला भेटायलाही कोणी येत नाही.
म्हटलं पुढच्या रविवारी सांगतो.

२५ मार्च
चौघं. ते चौघं पाठवतील. चार जजसाहेब चार फायली बंद करतील.
रामबाबूला विचारलं काय करू. तो म्हणाला, "भाई को बोल दे. गाली देगा, और क्या." आणि मग, "मेरे काका का लिखा नहीं न तूने?" नाही म्हटलं. "मत लिखना."

३० मार्च, रवि.
सांगितलं.
आधी चौघांना थांबव म्हटलं. का, म्हणाला. मग सगळं. बारा तारखेला सुटायचा होतास, माझ्या कागदाने राहिलास, असं सरळच बोललो. घुमवून बोललो असतो तर वेळ संपली असती.
पलीकडे कोणी तरी पुढचा नंबर पुकारत होतं.
मग दादा, "प्रत लावाले कोनी सांगं तुले?"
मी म्हटलं, मीच. माझ्याच डोक्यातून.
आबांचं नाव का घेतलं नाही? म्हातारा माणूस, रोज मायजवळ बसतो. आणि हातही माझाच होता.
फोन बंद झाला. वेळ संपली का त्याने ठेवला, ते कळलं नाही.

६ एप्रिल, रवि.
फोन नाही.

१३ एप्रिल, रवि.
नाही. मायला तिच्या भेटीत विचारलं होतं त्याने, घर कसं, म्हैस कशी, वहिनी कधी जाणार. माझं काही नाही. चौघांचं काय झालं तेही नाही. माय म्हणते तो वाळलाय. "तुमनं काही व्हयनं का?" नाही म्हटलं.

१६ एप्रिल
व.सा. — फाईल वर गेलीय, नव्या जजचं नाव अजून पडलेलं नाही. कोर्टाच्या उन्हाळी सुट्ट्यांच्या आधी पडलं तर पडलं, नाहीतर जून. मी म्हटलं साहेब, मी येऊन माफी मागू का, ज्यांना प्रत पाठवली त्यांची? "खबरदार. कोर्टाच्या आवारातसुद्धा दिसू नकोस."
आवारात नाही जाणार.

१७ एप्रिल
वहिनीला तिचे वडील आजच घेऊन गेले. आखाजीला अजून तेरा दिवस आहेत. दोन पिशव्या नेल्या, माय म्हणाली. दर आखाजीला एकच न्यायची.

१९ एप्रिल
उद्या रिकामी गाडी आमच्या जळगावकडे, सावद्याला जातेय, माल भरायला. ड्रायव्हर बसवतो म्हणाला. शेठला चार दिवस सांगितलेत, तो म्हणाला परत आलास तर काम बघू.
मंगळवारी जळगावला जेलात भेटीची चिठ्ठी देणार. चिठ्ठीवर कैद्याचं नाव, भेटणाऱ्याचं नाव, नातं. माय म्हणते, शिपाई चिठ्ठी आत नेऊन वाचतो, आणि ज्याचं नाव आहे त्याला विचारतो, येतो का. कोणी कोणी येत नाही म्हणे.
नात्यापुढे भाऊ लिहीन. मग बाकावर बसायचं.