भांगाचा हमरस्ता

चिमणे,

मी केस अगदी बारीक कापून घ्यायला पार्लरमध्ये चाललेय. घाबरू नकोस, आजार परतलेला नाही. काल डॉक्टरीणबाईंना विचारलं, "भांगाचा पार हमरस्ता झालाय. कॅन्सरनंतरची ही हार्मोनची गोळी बंद करू का?" त्या म्हणाल्या, "केस तिच्यामुळेच विरळ झालेत. पण छातीतली गाठ परत येऊ नये म्हणून राखणही तीच करतेय." मग मीच म्हटलं, केस जातात तर जाऊ देत, मला राहायचंय.

माझी आंघोळ झाली की तू गुपचूप जाळीवरचे केस उचलतेस, ते मला माहीत आहे गं. आता ती ड्यूटी संपली.

जेवण झाकून ठेवलंय. मी आले की दारातच किंचाळू नकोस. कशीही दिसले तरी आधी "छान" म्हण, मग पोटभर हस.

आई