तेंदूच्या हंगामातली आर्थिक साक्षरता

२ मे
निवड झाली! आमच्या कॉलेजातून दोघी — करिश्मा पहिली, मी दुसरी. चंद्रपूरला अर्थशास्त्राची आणि 'वैयक्तिक नियोजना'ची अंतिम स्पर्धा. वीस जण, चार दिवस, पहिलं बक्षीस दहा हजार. ८ ते ११ मे.

निकुरे सर म्हणाले, "मुद्दाम सुट्टीत ठेवली. मुलांचं नुकसान नको." तारीख ठरवणाऱ्याला बिडी कशात वळतात तेसुद्धा ठाऊक नसणार. धानोऱ्याकडे मे महिन्यात सुट्टीवर कोण असतं? अख्खं गाव पहाटेपासून तेंदूपानं तोडायला जंगलात. बारा दिवसांचा हंगाम, त्यावर वर्ष.

३ मे
आईने एकच विचारलं, "दहा हजार पक्के का?" मी पक्के म्हटलं. माझी बारावीची आणि खोलीची फी या पानांवरच आहे. आईचे गुडघे गेलेत. तिच्या एकटीच्याने दिवसाला बांधलेल्या पानांचे ऐंशी पुडे होतात, त्यावर एक नाही.

५ मे
करिश्मा येत नाही म्हणे. डोक्यावर पानांचा बोजा, चालता चालता हिशोब मांडला — "चार दिवसाचे माहे सहाशे पुडे. शेकड्याले साडेपाचशे, म्हंजे तेहतीसशे गेले. बक्षीस दहा हजार, पन वीसांतून एकाले. म्हंजे माह्या वाट्याले पाचशे. पाचशेसाठी तेहतीसशे काऊन घालू?"

मी म्हटलं, तू भित्री आहेस. ती हसली. बोजा सावरून पुढे चालू लागली. तिच्या घरी तोडणारी ती एकटीच, हे मला ठाऊक आहे. तरी राग आलाच.

८ मे, चंद्रपूर
बाहेर सत्तेचाळीस डिग्री, हॉलमध्ये दात वाजतात. कोटवाले सर म्हणाले, छोट्या चैनी टाळा. रोजची एक कॉफी सोडली तर वर्षाला छत्तीस हजार वाचतात. मी जन्मात कॉफी प्यायले नाही. सतरा वर्षांचे सहा लाख बारा हजार झाले. कुठे ठेवलेत ते आईला विचारायला हवं.

९ मे
कुटुंबाचं अंदाजपत्रक. नवरा-बायको, दोन मुलं, एक गाडी, पगार ऐंशी हजार. मी हात वर केला — सगळी कमाई वर्षातल्या बारा दिवसांतच येत असेल तर? "ते अपवादात्मक उदाहरण झालं, बेटा." अपवाद खाली बसला.

जेवणात तीन गोड पदार्थ होते. तिन्ही खाल्ले.

१० मे
आईला फोन लागत नाही.

११ मे
मी पहिली!!

पंचवीसपैकी एकवीस बरोबर. शेवटी मंचावर तोंडी प्रश्न — एक गोष्ट निवडताना जी सोडावी लागते तिची किंमत, उदाहरणासह सांगा. मी करिश्माचा हिशोब सांगितला. सहाशे पुडे, तेहतीसशे, वीसांतून एक, सगळा जसाच्या तसा. तिचं नाव तेवढं घेतलं नाही. हॉलभर टाळ्या. परीक्षक बाई म्हणाल्या, "किती मातीतलं उत्तर!"

मग पाकीट. आत रोख नाही. दहा हजार रुपये किमतीचा ऑनलाइन कोर्स, 'समृद्धीची पहिली पायरी'. मुदत एक महिना. आमच्या गावात रेंज येते ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, तीही वारा असेल तर. निकुरे सरांनी माझा आणि पाकिटाचा फोटो काढला.

१२ मे
आईला सांगितलं. तिने पाकीट उलटं केलं, झटकलं, पुन्हा आत पाहिलं. "हे विकता येते का?" म्हणाली. नाही म्हटलं. ती पानं मोजायला बसली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ मे
हंगाम संपला. पुडे मोजून देतो त्या फळीवर आज रोजच्या नोंदींचं कार्ड मिळालं. मी नव्हते त्या चार दिवसांत एकशे तीस, एकशे चाळीस, एकशे पस्तीस, एकशे तीस. मला वाटलं, आई गुडघ्यांचं नाटकच करते की काय! तर ती म्हणते, "मी कुठी? माह्यानं ऐंशी झाले."

मोजणी करणाऱ्या पत्रूभाऊंना विचारलं. त्यांनी आधी पान थुंकलं. "करिश्मा टाके तुमच्या ढिगात. रोज पन्नासेक. सांगू नका म्हने." मी तिचं कार्ड दाखवायला लावलं. त्या चार दिवसांत तिचे तेवढेच कमी.

तेहतीसशे वाचवायला थांबलेली ही बया! मला लाज वाटली, आणि तिचा रागही आला.

१८ मे
करिश्माकडे गेले. पुड्यांचं काढलं तर म्हणाली, "एकीनं तं जाऊन पाहावं. सोड ते. प्रश्न सांग, काय काय होते?"

अंगणात बसून एकेक सांगितला, पंचवीसच्या पंचवीस. पर्याय वाचून व्हायच्या आत ती उत्तर द्यायची.

माझे चार चुकले होते. तिचा एकही नाही.