डाळिंबाच्या सालीतले तीन शेजारी

१९ जून
उझबेकिस्तानात उन्हाळा, आमचं मर्गिलान शहर तापलंय. लेक शोहिस्ताचं लग्न तीन आठवड्यांवर. लग्नाच्या दिवशी पहाटेचा पुलाव मुलीच्या बापाने घालायचा. सगळी पेठ जेवते आणि जन्मभर बोलते. त्यासाठी मेंढ्याच्या शेपटीची चरबी आजच आणून टाकली. बायको म्हणाली, "अहो, जगाचे फ्रिज दुरुस्त करता, मग ठेवा की फ्रिजमध्ये!" फ्रिज हा अडाण्यांचा उपाय. संकल्प: चरबी रसायनशास्त्राने टिकवणार.

२१ जून
फिनॉल म्हणजे कार्बनच्या षटकोनी कड्याला लटकलेला OH. तो स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतो आणि चरबी खवट व्हायची थांबते. पण OH बसलाय कुठे, यावर सगळं. एकटा असला तर दुबळा. शेजारी दुसरा असला, तर तो देणाऱ्याला सावरून धरतो. हे सगळं स्वतः वाचून समजलं. कॉलेजात गेलो असतो तर समजलं नसतं.

२४ जून
कांद्याचा काढा घातलेली चरबी खवट. कांद्यातल्या क्वेर्सेटिनचा मोक्याचा OH साखरेने अडवलेला असतो. चूक कांद्याची.

२५ जून
डाळिंबाची साल! एकाच कड्यावर तीन OH, अगदी भिंतीला भिंत. काढा आटवून चरबीत घोटला. काचेच्या बरणीत भरून गच्चीवर, उन्हात. शेजारी साधी चरबी, तुलनेसाठी.

५ जुलै
साधी खवट. माझी ताजी! बायकोला वास दिला. "चामड्यासारखा येतोय." येत असेल. पण ताज्या चामड्यासारखा. तळघरातल्या उरलेल्या सगळ्या चरबीत काढा घातला.

९ जुलै
आचारी सोतवोल्दी उस्ता म्हणाला, "भाऊ, चरबी मी आणतो. तुम्ही पाहुणे बघा." साफ नकार. त्याच्या लोखंडी कढईवर वर्षानुवर्षांचा काळा थर! तो जेवायला गेल्यावर वाळूने घासून चकचकीत केली. माझ्यासारखी बारीक नजर कुणाकडे आहे?

१० जुलै, पहाटे ४
चरबी वितळली. मांस, गाजर, पाणी पडलं. वास उत्तम.

४.४०
रस्सा काळा. गाजरं काळी. उस्ता म्हणाला, "भाऊ, यात तांदूळ टाकू की सही करू?"
पुस्तक काढलं. शेजारी-शेजारी बसलेले OH उघड्या लोखंडालाही तितकेच घट्ट धरतात आणि शाई होते. छापलंय. पण बारीक टाइपात.

सकाळी ६
पेठ नमाज आटोपून दारात. व्याही ईर्गाशबेकनी झाकण उचललं. "व्याहीबुवा, चरबी बिघडली काय?"
मी म्हटलं, "छे! अजून महिनाभर टिकेल."
"मग पंगत महिन्याने बसवू या?"
सगळे हसले. शेवटी त्यांनीच तंदूरवाल्याकडून सामसे, म्हणजे भट्टीतले मांसाचे समोसे, मागवले. मुलीच्या बापाची पंगत मुलाच्या बापाने निभावली. शोहिस्ता आतल्या खोलीत होती. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले.

११ जुलै
काल संध्याकाळी लेक सासरी गेली. आमच्याकडे रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जात नाहीत. निदान दोन रोट्या तरी न्यायच्या. गाडीत बसताना ती गळ्यात पडली. "बाबा, रोज या. पण रिकाम्या हाताने या."