बर्फीची शेपटी

कर्वेनगर, मंगळवार संध्याकाळ

चिडले आहे, तेही आमच्या कुत्रीवर. म्हणजे खरं तर नवऱ्यावर, निखिलवर. बर्फीच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं सगळं मी करते. पोटाखालून ओढणी घालून तिचं मागचं धड उचलून धरते, तशीच खाली फिरवून आणते, अख्खी सोसायटी बघत असते. शेपटी? ढिम्म. आणि आज नवरा ऑफिसातून आला, जिन्यातूनच त्याची ती शिट्टी, आणि शेपटी हलली! पहिल्यांदा. त्याच्यासाठी.

आनंद व्हायला हवा होता ना मला?

मी म्हटलं, "शिट्टी बंद कर. दबलेली नस मोकळी करायला मणक्याचं थोडं हाड काढलंय तिच्या. तू शिट्टी मारलीस की ती वळते, पाठीला पीळ बसतो. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग काय, चोरासारखा येऊ घरात?"

"ये. तिची पाठ तरी शाबूत राहील."

डॉक्टर एवढंच म्हणाले होते की पीळ बसू देऊ नका. शिट्टीचं मी पदरचं घातलं.

तो अंघोळीला गेल्यावर मी स्वयंपाकघरातून शिट्टी वाजवली. अगदी त्याच्यासारखी. का, कोण जाणे. फार हालचाल होऊ नये म्हणून हॉलमधल्या पिंजऱ्यात ठेवलेली बर्फी गर्रकन मागे वळली, अख्खी पाठ पिळवटून. धावत बाहेर आले. कळवळली नव्हती, बरी होती. शेपटीसुद्धा हलत होती.

मग समोर मी दिसले, आणि शेपटी थांबली.