बचावफळीतलं भगदाड

ॲथलोन, रविवार

ती. स्व. प्रभाआत्या,

तुला अगदी वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेत लचक भरली, तेव्हा नमस्कार मनापासूनचा आहे हे ध्यानात घे.) तुझा मोतीबिंदूचा डोळा आता निवळला असेल आणि आतोबांनी चोरून साखर खाणं सोडलं असेल, अशी आशा करतो. नसेल सोडलं तर डबा वरच्या फळीवर ठेव. इथे आम्ही सगळे ग्रँड आहोत. (इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, नुसतं ठीकठाक. पाय प्लॅस्टरमध्ये असला तरी माणूस ग्रँडच असतो.) आम्हीही तसलेच ग्रँड आहोत, आणि त्याचं कारण मी आहे.

तुझी लाडकी नात तन्वी कॉलेजच्या टीममधून फुटबॉल खेळते, हे तुला ठाऊक आहेच. आपला नेहमीचा, पायाने खेळायचा. इथे आणखी एक फुटबॉल असतो, त्यात चेंडू हाताने उचलला तरी चालतो, पण त्या वाटेला आम्ही गेलो नाही. तर ही टीम यंदा सपाटून मार खात होती. कधी पाच गोल, कधी सहा. मी आपला दर सामन्याला दोन तास गाडी हाकत जाणार, आडव्या पावसात उभा राहणार आणि मोबाइलवर शूटिंग करणार. त्यांचा कोच डेक्लन एकदा सहज म्हणाला की, आमच्या बचावाचं नक्की काय बिघडलंय ते कुणीतरी शोधायला हवं. झालं! मी जन्मभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरणारा माणूस. आ बैल मुझे मार, अशा थाटात मी पुढे झालो.

खोटं कशाला सांगू, काम मी झकास केलं. सगळे सामने पुन्हा पुन्हा बघितले. (वृंदा म्हणाली, एवढा वेळ आपल्या लग्नाची सीडी कधी बघितली नाहीस.) दोष स्पष्ट होता. कडेच्या दोन पोरी गोल करायच्या हौसेने पुढे पळतात आणि परत यायचं विसरतात. मागे मधोमध तन्वी एकटी उरते आणि अंगावर येतात तीन-तीन जणी. ती त्यातल्या दोघींना अडवते, तिसरी गोल करते. ती नसती तर सहाचे बारा झाले असते. आत्या, मी ते बघत होतो आणि माझा ऊर भरून येत होता, हे तुला म्हणून सांगतो.

मग बैठकीचा दिवस उजाडला. डेक्लन, त्याचे दोन मदतनीस, चहा, बिस्किटं आणि माझा लॅपटॉप. लॅपटॉप उघडायच्या आत डेक्लन म्हणाला, तुमची तन्वी कमाल खेळते हो, तिच्यामुळेच टिकलोय. आता मला सांग, कुणी आपल्या पोराचं तोंडावर कौतुक केलं तर आपण काय करतो? मी बोर्डात आलो तेव्हा पेढे वाटताना तू स्वतः शेजारच्या काकूंना म्हणालीस ना, पेपर सोपे होते म्हणे यंदा! तेच माझ्या तोंडून गेलं. छे हो, कसली कमाल! तिचंच लक्ष नसतं, जागा सोडते, घरीही तसंच, बाकीच्या मुली मात्र गुणी. आपल्याकडे यावर समोरचा म्हणतो, काहीतरीच काय, आणि पुन्हा कौतुक करतो. डेक्लनने ते लिहून घेतलं.

इथली माणसंही स्वतःची फुशारकी मारत नाहीत गं, त्यामुळे मी गाफील राहिलो. पण मी काही त्यांच्या लेखी नुसता बाप नव्हतो, तज्ज्ञ होतो. स्वतःच्या मुलीलाही न सोडणारा निःपक्षपाती तज्ज्ञ! नंतर दाखवलेल्या सगळ्या स्लाइड्सना त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या सामन्यात तन्वीला बाकावर बसवलं. त्या दिवशी आम्ही नऊ गोल खाल्ले. ती जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढून बसली होती आणि माझ्याकडे एकदाही बघत नव्हती. मी डेक्लनला गाठून सांगितलं की, अहो, तो आमच्याकडचा विनय होता. तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, यू आर ग्रँड. बदललं काहीच नाही.

तन्वीला मी समजावलं की आपल्यात असंच बोलायची रीत आहे, दृष्ट लागू नये म्हणून. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं (इंग्रजीत, पण मी मराठीत लिहितो, म्हणजे मला जरा कमी लागेल) की, घरी मला बोलतोस तेव्हाही रीतच असते, की तेव्हा खरं असतं? आत्या, मी तिला विचारलं, जेवलीस का? तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही. वृंदा तर फक्त डाळ कुठल्या कपाटात आहे एवढंच बोलते. फार चुकलं गं माझं. फार म्हणजे फारच.

असो. आतोबांना नमस्कार, आणि तुझ्या डोळ्यात थेंब वेळेवर घाल.

तुझा,
उपेंद्र

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण असं की, तन्वी तुझा फोन मात्र हमखास घेते. तिला सांग ना, की बाबाला तू फार आवडतेस आणि तुझा खेळही. माझं नाव घेऊन सांग. जरा सजवून सांगितलंस तरी चालेल.

ता. क. २ : वरचं खोड. असला निरोप दुसऱ्याकडून धाडतात होय! मी आत्ताच वृंदाच्या फोनवरून तिला लावला. एका दमात म्हणालो की, तू त्या टीममधली सगळ्यात चांगली खेळाडू आहेस, मला कायमच तसं वाटत आलंय, फक्त मी बोललो नाही. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, बाबा, डॉक्टर काय म्हणाले? मी ठणठणीत आहे हे परोपरीने सांगितलं, तिला पटेना. मिळेल ती बस धरून ती घरी यायला निघाली आहे. खात्री करायला तुलाही विचारेल, म्हणून या पत्राचा फोटोच तुला मोबाइलवर धाडतोय. मला काहीही झालेलं नाही, हे तिला जरूर सांग. पण आत्या, लगेच नको. आधी तिला घरी पोचू दे.